पाठ आधी बघा: पुण्यात राहून हाताने रंगवलेले अ‍ॅनिमेशन सेल कसे जमवावेत

नव्वदच्या दशकात दूरदर्शनसमोर बसलेल्या पिढीला मोगली आठवतो. ती मालिका जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ मध्ये केली. तिच्यातला प्रत्येक मोगली, बगीरा आणि शेरखान कुणीतरी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ शीटवर हाताने रंगवला होता. या रंगवलेल्या शीटला सेल म्हणतात. असे सेल आजही विकत मिळतात आणि कोथरूडच्या किंवा हडपसरच्या फ्लॅटमध्ये बसून ते मागवता येतात.

सेल समोरून सगळेच बघतात. जमवणाऱ्याने मात्र तो मागून बघायला शिकायचं असतं, कारण रंग मागच्या बाजूला असतो. सेल खरा आहे याचा पुरावा तिथेच सापडतो आणि बिघाडाची सुरुवातही तिथूनच होते. विकत घेण्यापासून फ्रेम करण्यापर्यंतचे सगळे निर्णय त्या पाठीवरून ठरतात.

सेल तयार कसा व्हायचा

अ‍ॅनिमेटर कागदावर पेन्सिलने चित्र काढायचा. त्यावर सेल ठेवून समोरच्या बाजूने रेषा उतरवली जायची. मग सेल उलटा करून रेषांच्या आत रंग भरायचा. त्यामुळे समोरून रंग सपाट, गुळगुळीत दिसतो आणि मागून ब्रशचे फटकारे, रंगाचे थर, रेषेबाहेर गेलेल्या कडा दिसतात. तयार सेल रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून कॅमेऱ्याखाली एकेक चौकट टिपली जायची. सेलवर पात्र आणि खाली स्थिर पार्श्वभूमी ही पद्धत अमेरिकेत अर्ल हर्डने १९१४ च्या सुमारास रूढ केली.

सेकंदाला २४ चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवलं तरी सेकंदाला १२ चित्रं झाली. सव्वा तासाच्या चित्रपटाचा हिशेब ५४,००० वर जातो, आणि एका चौकटीत दोन-तीन पात्रं वेगवेगळ्या सेलवर असली की आकडा आणखी वाढतो. डिस्नेच्या इंक अँड पेंट विभागात हे काम मुख्यतः स्त्रिया करत. पडद्यावर त्यांची नावं फारशी आली नाहीत. सेलच्या पाठीवर मात्र त्यांचा हात जसाच्या तसा राहिला आहे. मला सेल जमवावासा वाटतो तो यासाठी.

सगळ्यात आधी साल पाठ करा

फसवणुकीचे निम्मे प्रकार चित्रपटाचं साल माहीत असलं की उघडे पडतात.

डिस्नेच्या जुन्या चित्रपटांत, म्हणजे १९३७ च्या 'स्नो व्हाइट'पासून १९५९ च्या 'स्लीपिंग ब्यूटी'पर्यंत, रेषा हाताने शाईने ओढलेली असे. ती कुठे जाड, कुठे बारीक असते आणि बऱ्याचदा रंगीतही असते. १९६१ च्या '१०१ डाल्मेशियन्स'पासून पेन्सिलचं चित्र झेरॉक्सच्या तंत्राने थेट सेलवर उतरवायला सुरुवात झाली. ही रेषा बहुधा काळी असते आणि भिंगाखाली किंचित खरबरीत, तुटक दिसते. म्हणजे १९६७ च्या 'जंगल बुक'मधला बालू 'हाताने ओढलेल्या शाईच्या रेषांसह' असं म्हणून कुणी विकत असेल, तर तो विक्रेता एक तर अनभिज्ञ आहे किंवा खोटं बोलतो आहे.

१९८९ चा 'द लिटल मर्मेड' हा सेलवर रंगवलेला डिस्नेचा शेवटचा मोठा चित्रपट. १९९० च्या 'द रेस्क्यूअर्स डाउन अंडर'पासून रंगकाम संगणकावर गेलं. त्यामुळे 'अलादीन' किंवा 'द लायन किंग'चा 'चित्रीकरणात वापरलेला सेल' अस्तित्वातच नाही. या चित्रपटांचे जे सेल दिसतात ते विक्रीसाठी वेगळे बनवलेले असतात. ते सुंदर असू शकतात, पण कॅमेऱ्याखाली कधी गेलेले नसतात.

जपानमध्ये सेल जास्त काळ टिकले. स्टुडिओ जिब्लीचा १९९७ चा 'प्रिन्सेस मोनोनोके' मुख्यतः सेलवरचाच आहे आणि १९९९ चा 'माय नेबर्स द यामादाज' पूर्ण डिजिटल. 'साझाए-सान' ही टीव्ही मालिका तर २०१३ पर्यंत सेल वापरत होती.

आपल्या मनाच्या जवळचा आणखी एक चित्रपट आहे: युगो साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांनी दिग्दर्शित केलेला 'रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा'. जानेवारी २०२५ मध्ये तो भारतातल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला. तोही हाताने रंगवलेला आहे. मराठी संग्राहकाने जपानी बाजारावर नजर ठेवायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

पाठ कशी वाचायची

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. घड्याळदुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात ते मिळतं. सेल हातात नसेल तर विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा मोठा, स्पष्ट फोटो मागा. पाठीचा फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून सेल घेऊ नका. या नियमाला मी अपवाद करत नाही.

हाताने भरलेला रंग मागून असमान दिसतो. कुठे जाड, कुठे पातळ, दोन रंग जिथे भेटतात तिथे एक दुसऱ्यावर किंचित चढलेला. सगळे रंग एकसारख्या जाडीचे आणि कडा यंत्राने कापल्यासारख्या असतील तर तो सेरिसेल, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगने छापलेली प्रत. सेरिसेल हजारोंच्या संख्येने निघतात. बैठकीच्या खोलीत लावायला हरकत नाही, पण किंमत पोस्टरच्या हिशेबाने द्यावी.

यांच्या मधला प्रकार लिमिटेड एडिशनचा. हा हाताने रंगवलेला असतो, पण चित्रीकरणासाठी नव्हे. कडेला '१२५/५००' असा आकडा असतो, म्हणजे ५०० प्रतींपैकी १२५ वी. चित्रीकरणातल्या सेलवर असा आकडा कधीच नसतो.

चित्रीकरणातल्या सेलवर असतो क्रमांक. जपानी सेलवर वरच्या उजव्या कोपऱ्यात 'ए ३', 'बी ७' अशी खूण सापडते: अक्षर म्हणजे थर, आकडा म्हणजे त्या थरातलं कितवं चित्र. त्यामुळे नुसतेच ओठ किंवा नुसताच हात रंगवलेला सेल दिसला तर चकित होऊ नका. बोलताना फक्त ओठ हलवायचे असले की बाकी चेहरा खालच्या सेलवर तसाच ठेवत. विकत घेताना सगळे थर मिळताहेत का ते मात्र विचारा, नाहीतर बिनओठांचा नायक घरी येईल.

सेलच्या वरच्या किंवा खालच्या कडेला भोकं असतात, बहुधा मध्ये एक गोल आणि दोन्ही बाजूंना एकेक लांबट. पेगवर, म्हणजे छोट्या खुंट्यांवर, शीट बसवून सगळी चित्रं एका जागी जुळवण्यासाठी ती असत. भोकं नसली म्हणजे सेल नकलीच, असं मात्र नाही. १९३८ पासून काही वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या कुर्वाझिए गॅलरीने डिस्नेचे सेल विकले. त्यांतले बरेच पात्राच्या बाह्यरेषेला धरून कापून वेगळ्या पार्श्वभूमीवर चिकटवलेले आहेत. १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडल्यावर तिथल्या आर्ट कॉर्नरमध्येही कापलेले सेल छापील पार्श्वभूमीसह, पाठीवर सोनेरी लेबल लावून, काही डॉलरला मिळत. ती लेबलं जपायची असतात. जुनं माउंट, म्हणजे सेल ज्यात बसवलेला असतो तो पुठ्ठा, मळकं दिसतं म्हणून फेकून देणारा सेलची निम्मी किंमत फेकतो.

शेवटची आणि सगळ्यात आनंदाची परीक्षा म्हणजे चित्रपट लावून ती चौकट शोधणं. चौकट थांबवा आणि बोटांची ठेवण, कपड्यांच्या घड्या, डोळ्यांची दिशा सेलशी जुळवा. चौकट सापडली की पुरावा प्रमाणपत्रापेक्षा भक्कम. प्रमाणपत्र देणारा कोण यावर त्या कागदाची किंमत असते, आणि घरच्या प्रिंटरवर कुणीही ते छापू शकतं.

पहिला खर्च सेलवर करू नका

पुण्यात राहणाऱ्याने पहिला खर्च करायचा तो आर्द्रता दाखवणाऱ्या छोट्या डिजिटल मीटरवर. काही शे रुपयांत मिळतो. ज्या खोलीत सेल ठेवायचा तिथे तो लावा आणि निदान एक उन्हाळा, एक पावसाळा नोंदी ठेवा.

सेलचा रंग मागच्या बाजूला नुसता बसलेला असतो, प्लॅस्टिकमध्ये मुरलेला नसतो. डिस्नेच्या जुन्या रंगांत डिंक आणि रंग लवचिक ठेवणारी द्रव्यं असत. हवा कोरडी झाली की रंग आकसतो, तडकतो आणि सुटतो. हवा दमट झाली की तोच रंग मऊ पडून समोर येईल त्याला चिकटतो. आणि आपल्याकडे काय होतं? एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते. सेलला हवी असते साधारण ४० ते ५० टक्के आर्द्रता, विशीच्या आसपास तापमान आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चढउतार कमी. रात्री एसी आणि दिवसा बंद खोली, हा प्रकार एसी नसण्यापेक्षा वाईट.

म्हणून जागा निवडताना आतली भिंत घ्या. पश्चिमेची, बाथरूमला लागून असलेली आणि वरच्या मजल्यावरची स्लॅबलगतची जागा बाद. माळाही बाद. जुन्या वाड्यातल्या भिंतींना पावसाळ्यात ओल येते, तिथे सेल भिंतीला टेकवूच नका. लोखंडी कपाट चांगलं. नवीन प्लायवूडच्या कपाटातून बरीच वर्षं आम्लाची वाफ सुटते, म्हणून ते टाळा. सेलच्या कपाटात डांबरगोळ्या ठेवू नका. त्यांची वाफ प्लॅस्टिकला आणि रंगाला चांगली नाही.

पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलची पाकिटं ठेवायची, पण सेलच्या पाकिटात नाही, कपाटाच्या खालच्या फळीवर. होळी झाली की ती काढून टाका. उन्हाळ्यात हवा आधीच कोरडी असते, तेव्हा जेल ठेवलं तर आपणच रंग तडकवतो.

काय घ्यावं, कुठून घ्यावं

पहिला सेल टीव्ही मालिकेतला घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. दुय्यम पात्राचा किंवा साध्या प्रसंगाचा सेल काही हजार रुपयांत मिळू शकतो, तर 'स्नो व्हाइट'चा चांगला सेल लाखांत जातो. स्वस्त सेलवर पाठ वाचायची सवय होते आणि एक पुणेरी पावसाळा तो कसा काढतो हे कळतं. नजर स्थिरावल्यावर मोठ्या नावांकडे जा. पात्र पूर्ण दिसणारं, डोळे उघडे, कडा न कापलेल्या: असा सेल नेहमी बरा. पाठमोऱ्या नायकाला बाजारात भाव नसतो, पण तो प्रसंग तुमच्या जिवाचा असेल तर निःशंक घ्या.

जपानी सेलसाठी मंदाराके हे जुन्या वस्तूंचं मोठं दुकान आणि याहू जपानचे लिलाव हे मुख्य मार्ग आहेत. याहूच्या लिलावात भारतातून थेट बोली लावता येत नाही. झेनमार्केट, बायी यांसारखी मध्यस्थ सेवा तुमच्या वतीने बोली लावते, माल गोदामात घेते आणि पुढे पाठवते. अमेरिकन सेलसाठी हेरिटेज ऑक्शन्स, व्हॅन ईटन गॅलरी आणि ईबे. लिलावघरात बोलीच्या रकमेवर खरेदीदाराकडून वेगळी टक्केवारी घेतात, अनेक ठिकाणी ती २० टक्क्यांहून जास्त असते. बोली लावण्याआधी त्यात कुरिअर, कार्डाचं परकीय चलन शुल्क आणि आयात कर मिळवा, मग आपली मर्यादा ठरवा.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला एवढं विचारा: मागचा फोटो, तिरप्या उजेडातला फोटो (सुटलेला रंग त्यातच दिसतो), रेषा फिकट झाली आहे का, पेन्सिलचं चित्र पाठीला चिकटलं आहे का, आणि सेलला शिरक्यासारखा, म्हणजे व्हिनेगरसारखा, वास येतो का. जपानी सेलना मूळ चित्र चिकटलेलं असणं अगदी नेहमीचं आहे. तो दोष मोठा नाही, ओढून काढायला गेलात तर मात्र रंगही निघून येईल.

इथल्या सेलसाठी रस्ता वेगळा. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ मध्ये सुरू झाला आणि डिस्नेचे क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले होते. राम मोहन तिथूनच घडले. १९७४ चा 'एक अनेक और एकता' ज्यांनी दूरदर्शनवर पाहिला, त्यांना या कामाची गोडी सांगायला नको. जुन्या जाहिरातपटांच्या स्टुडिओंमधलं सामान रद्दीत आणि जुन्या बाजारात जातं. बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारताना कडेला तीन भोकं असलेले कागद किंवा पारदर्शक शीट दिसले, तर गठ्ठा उघडून बघा.

पार्सल कधी मागवावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात कुरिअरच्या बंद गाडीत किंवा जुलैत दमट गोदामात सेल पडून राहिला तर घरातली सगळी तयारी वाया. लिलाव उन्हाळ्यात जिंकलात तर विक्रेत्याला थांबायची विनंती करा; बरेच जण ऐकतात.

सेल दोन कडक बोर्डांच्या मध्ये सपाट पाठवायला सांगा. गुंडाळून नळीत कधीही नाही, रंग सुटतो. इनव्हॉइसवर 'हाताने रंगवलेलं मूळ अ‍ॅनिमेशन चित्र', चित्रपटाचं नाव, साल आणि खरी किंमत लिहून घ्या. कमी किंमत दाखवून कर वाचवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका: बेकायदा तर ते आहेच, शिवाय पार्सल हरवलं तर भरपाईही त्याच कमी आकड्यावर मिळते. कर वस्तूच्या किमतीसोबत वाहतूक आणि विमा धरून लागतो. कुरिअर कंपनी ओळखीची कागदपत्रं मागते, ती आधीच तयार ठेवा.

पार्सल आलं की लगेच उघडू नका. एक दिवस खोलीत राहू द्या, म्हणजे आतलं तापमान हळूहळू जुळेल. उघडताना पंखा बंद, हात कोरडे, सुती हातमोजे. सेल कडेने धरा. समोरची धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका. पाठीला हात नाही, ओलं कापड तर अजिबात नाही.

ठेवायचं कसं, लावायचं कसं

एकच तत्त्व: पाठीला काहीही टेकता कामा नये. माउंट बोर्डची, आम्लरहित, मध्ये खिडकी कापलेली चौकट बनवून घ्या. ती सेलला फक्त कडेने धरते आणि रंगाच्या मागे मोकळी जागा ठेवते. असे माउंट केलेले सेल आडवे, एकावर एक वजन न टाकता ठेवायचे. अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या मऊ, वास येणाऱ्या पारदर्शक फायली पीव्हीसीच्या असतात, त्या सेलचा घात करतात. पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट घ्या, हाताळल्यावर ते कुरकुरीत वाजतं. तेही हवाबंद करू नका.

फ्रेम करणाऱ्याकडे सेल सोडून येऊ नका. चांगला कारागीर असला तरी त्याची सवय कागदी चित्रांची असते: मागे गोंद लावायचा, पुठ्ठा दाबायचा, वरून सेलोटेप. समोर उभं राहून सांगा. काच आणि सेल यांत अंतर, मागे आम्लरहित बोर्ड, कुठेही गोंद नाही, अतिनील किरण अडवणारी काच किंवा अ‍ॅक्रिलिक. भिंत अशी निवडा की थेट ऊन कधीच येणार नाही. जपानी सेलवरची यंत्राने उतरवलेली रेषा उजेडाने आणि काळाने फिकट होत जाते आणि परत येत नाही. मी सेल वर्षातले काही महिनेच भिंतीवर ठेवते, बाकी काळ कपाटात.

रंग सुटायला लागलाच तर घरी काही करू नका. गेटी कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटने डिस्नेच्या अ‍ॅनिमेशन रिसर्च लायब्ररीबरोबर केलेल्या कामात असं दिसलं, की नियंत्रित दमट हवेत सेल ठेवला तर सुटलेला रंग पुन्हा बसू शकतो. ते प्रयोगशाळेतलं, मोजून केलेलं काम आहे; बाथरूममधल्या वाफेवर ते होत नाही.

वास आणि आग

जुने सेल दोन प्रकारच्या प्लॅस्टिकचे: आधी सहज पेट घेणारं नायट्रेट, नंतर हळूहळू विघटित होणारं अ‍ॅसिटेट. हीच दोन द्रव्यं चित्रपटाच्या रिळांतही होती. लॉ कॉलेज रोडवर १९६४ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय दशकानुदशकं याच शत्रूंशी झगडत आलं आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि शेकडो चित्रपटांच्या प्रती गेल्या. त्यामुळे १९४० पूर्वीचा सेल घेताना तो नायट्रेट आहे असंच धरून चाला. तो देवघराजवळ, गॅसजवळ किंवा बंद पेटीत ठेवू नका. थंड, हवेशीर जागा द्या. कुरिअरला तो ज्वलनशील माल आहे हे सांगावं लागतं, आणि म्हणूनच नवख्याने नायट्रेट सेल परदेशातून मागवू नये असं मला वाटतं.

अ‍ॅसिटेटचा आजार वासावरून कळतो. शिरक्याचा वास आला म्हणजे प्लॅस्टिक आतून विघटित होतंय. त्यातून सुटणारी आम्लाची वाफ शेजारच्या सेललाही लागते. दर कोजागिरीच्या सुमारास, पावसाळा सरल्यावर, प्रत्येक पाकीट उघडून वास घ्या. आम्ल दाखवणाऱ्या एडी पट्ट्याही मिळतात, त्या निळ्याच्या हिरव्या आणि मग पिवळ्या होतात. पट्टी हिरवी दिसली की तो सेल त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कपाटात हलवा. त्याचे दोन्ही बाजूंचे चांगले फोटो काढून ठेवा आणि तो उष्णतेपासून दूर, उघड्या हवेत राहू द्या.

प्रत्येक सेलची एक कागदी फाईल करा: समोरचा आणि मागचा फोटो, इनव्हॉइस, कस्टमची पावती, विक्रेत्याचं वर्णन, सापडलेली चौकट आणि चित्रपटातला तिचा मिनिट-सेकंद. सेलवर काहीही लिहू नका, क्रमांक पेन्सिलने पाकिटावर टाका. घराचा विमा असेल तर सेल किमतीसह वेगळे नोंदवून घ्या. साध्या पॉलिसीत कलावस्तू आपोआप धरल्या जात नाहीत. दरवर्षी पाठीचा एक नवा फोटो त्याच उजेडात, त्याच अंतरावरून काढा आणि मागच्या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवून तडे मोजा.